व्हायोलिन आणि पियानो: साथ नव्हे, जोडी

लंडनचा विग्मोर हॉल म्हणजे जेमतेम साडेपाचशे खुर्च्यांचं सभागृह. बेखस्टाइन या पियानो बनवणाऱ्या जर्मन कंपनीने ते १९०१ मध्ये उभारलं. इथे नव्या दमाचे कलाकार व्हायोलिन-पियानोची मैफल करतात तेव्हा माइक नसतो. पुढच्या रांगेत गजाची तारेवरची खरखरही ऐकू येते. आधी पियानोवर स्वर दिला जातो आणि त्याला धरून व्हायोलिन जुळवतात. पियानोचे सूर ऐनवेळी हलवता येत नाहीत ना!

पियानोवादकाला मात्र साथीदार समजू नये. मोत्सार्टच्या काळात या दोन वाद्यांच्या अनेक भागांच्या रचना, म्हणजे सोनाटा, ‘पियानोसाठी, व्हायोलिनच्या साथीने’ म्हणूनच छापत. संगीतकार सेझार फ्रांकचा १८८६ चा सोनाटा घ्या. व्हायोलिनवादक इझाईला लग्नात मिळालेला हा आहेर, पण दुसऱ्या भागात घाम फुटतो तो पियानोवादकालाच. शेवटच्या भागात पियानो धून सुरू करतो आणि व्हायोलिन किंचित मागे राहून तीच धून वाजवत जातं. तरुण जोडीचं खरं पाणी इथे कळतं, वेगात नव्हे.

टाळ्या मात्र सोनाटाचे चारही भाग संपल्यावरच. मधल्या शांततेत खोकून घ्यायला हरकत नाही, सगळेच घेतात.