आस, वाहनाचा : झीज, दुरुस्ती व बदल

वाहनाचा भार चाकांवर टाकणाऱ्या, चाकांना फिरण्यासाठी आधार देणाऱ्या किंवा एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यास आस म्हणतात. बैलगाडीत त्यालाच आख हे नाव आहे. आखाची झीज उघड असते. ओंगण कमी पडले की चाक करकरते, तुंब्यातील भोक मोठे होऊन चाक डुलू लागते आणि गाडीवान वेळीच सावध होतो. मोटारीच्या आसाचे तसे नाही. त्याच्या बाबतीत जी झीज दिसते ती बहुधा दुरुस्त करता येते व जी इजा प्राणघातक ठरते ती बहुधा दिसत नाही. दुरुस्ती की बदल, हा निर्णय त्यामुळे केवळ खर्चाचा राहत नाही.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. मुंबई–गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड या गावांवरून जातो. पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्याचा अवजड माल, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रातील रसायनांचे टँकर, एस. टी. गाड्या आणि गावोगाव फिरणाऱ्या सहाआसनी मिनीडोर या सर्वांची वाहतूक या भागात चालते. महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले व एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. दर पावसाळ्यात खड्ड्यांतून भरलेली गाडी आपटत गेली म्हणजे आसावर नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट धक्का क्षणभर बसतो. शिवाय खारेपाटातील दमट, खारट हवा व भरतीचे पाणी पोलादाच्या पृष्ठावर बारीक खळगे पाडते.

झीज आणि शिणवटा या दोन भिन्न गोष्टी आहेत. झिजेत घर्षणाने धातू कमी होतो. धारव्याची, म्हणजे बाजारातील भाषेत बेअरिंगची, बैठक ढिली पडते, ऑइल सीलखाली खाच पडते किंवा टोकाचे दाते पातळ होतात. शिणवट्यात धातू कमी होत नाही. फिरत्या आसाच्या पृष्ठावरील प्रत्येक बिंदू चाकाच्या एका फेऱ्यात एकदा ताणला जातो व एकदा दाबला जातो. लाखो फेऱ्यांनंतर एखाद्या खाचेशी, चावीच्या गाळ्याशी किंवा व्यास एकदम बदलतो अशा कोपऱ्याशी केसासारखी भेग पडते व ती हळूहळू आत सरकते. उरलेला छेद भार पेलेनासा झाला की आस एका क्षणात तुटतो.

हे ज्ञान महागात पडले आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या पुढील एंजिनाचा आस तुटला. डब्यांची दारे बाहेरून बंद होती, गाडीने पेट घेतला व पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पुढील वर्षी रँकिन यांनी अशा मोडतोडीची सुरुवात तीक्ष्ण कोपऱ्यातील भेगेपासून होते, हे दाखवून तेथे गोलाई देण्याची शिफारस केली. त्यानंतर जर्मन अभियंते व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घ प्रयोग केले. एका मर्यादेखालील प्रतिबल पोलाद जवळजवळ कितीही वेळा सोसते, असे त्यांतून आढळले. खारट ओलाव्यात मात्र ही मर्यादा नाहीशी होते. खाडीकाठी चालणाऱ्या गाडीचा गंजलेला आस वरवर धडधाकट दिसला, तरी त्यावर इतरत्र ठेवतात तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

निर्णयाची पहिली पायरी म्हणजे आसाचे काम ओळखणे. मालमोटारीच्या मागील बाजूस बहुधा पूर्ण तरता आस असतो. गाडीचा भार बाहेरील नळकांडे, म्हणजेच हाऊसिंग, उचलते आणि आतला दांडा केवळ पीळ सोसतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. गाडी पुढे जात नाही इतकेच. पण सुकेळीच्या खिंडीसारख्या उतारावर एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व जबाबदारी ब्रेकांवर येते. अनेक हलक्या मोटारींत अर्ध तरता आस असतो. तो पीळ व भार दोन्ही सोसतो आणि तुटल्यास चाकासह बाहेर निघू शकतो. एकाच मापाची झीज पहिल्यात सहन करता येईल, दुसऱ्यात नाही. पुढील आसात किंगपिन व त्याचे बुश झिजले तर तेवढेच बदलतात, कारण ते झिजण्यासाठीच बसविलेले असतात. वाकलेला आस भट्टीत तापवून सरळ करणे मात्र घातक होय. त्यामुळे कारखान्यात दिलेले पाणी उतरते.

झिजलेली बैठक लेथवर कातून लहान करण्याचा मोह होतो. वाकविणारे व पिळणारे प्रतिबल व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ५० मिमी. व्यासाचा आस ४७ मिमी. केला तर व्यास फक्त ६ टक्के घटतो, प्रतिबल मात्र सुमारे २० टक्के वाढते. वेल्डिंगने भरून पुन्हा कातल्यास माप जुळते, परंतु सुमारे ०·४ टक्के कार्बनाच्या या पोलादात वितळलेल्या भागाशेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो व थंड होताना तेथे ताण राहून जातो. आधी तापविणे व सावकाश थंड करणे यांमुळे हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. धातूचा फवारा देऊन बैठक भरल्यास आस फारसा तापत नाही, पण चढलेला थर बळ देत नाही. म्हणून भारवाही, फिरत्या आसाची बैठक भरून घेणे टाळावे. न फिरणाऱ्या हाऊसिंगवरील बैठकीला ही दुरुस्ती चालू शकते.

भेग शोधण्याची साधी रीत कोणत्याही गॅरेजमध्ये करता येते. आस स्वच्छ करून रॉकेलमध्ये भिजवावा, कोरडा पुसावा व खडूची भुकटी लावावी. भेगेतील रॉकेल पाझरून काळसर रेघ उमटते. ही रीत ढोबळ आहे, आतील दोष तिला सापडत नाहीत. चुंबकीय कणांची व श्राव्यातीत तरंगांची परीक्षा अधिक विश्वसनीय असते. भेग आढळली, दाते पिळलेले दिसले किंवा जास्त तापल्याचा निळा रंग आला, तर दुरुस्तीचा विचारच करू नये. त्या आसाचा दुसऱ्या बाजूचा जोडीदारही तपासावा. त्याने तेवढेच खड्डे खाल्लेले असतात.

रोहा हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान आहे. रेल्वेच्या आसाबद्दल कारागिराच्या मतावर काही सोडलेले नसते. ठराविक काळाने श्राव्यातीत परीक्षा होते आणि भेगाळलेला किंवा किमान व्यासाखाली गेलेला आस बाद ठरतो. रस्त्यावरील वाहनाच्या बाबतीत हा निर्णय मालक व मिस्त्री यांच्यात होतो. गाडी उभी राहिली की रोजचे भाडे बुडते, नवा भाग मागविण्यास वेळ लागतो आणि वेल्डिंग संध्याकाळपर्यंत होते. भारही वाढत गेला आहे. चार टायरांच्या एका आसावर पूर्वी १०·२ टन भाराची परवानगी होती, ती २०१८ मध्ये ११·५ टन झाली. जुना आस या वाढीव भारासाठी घडविलेला नव्हता, हे विसरून चालत नाही.

भंगारातून आणलेला आस स्वस्त पडतो, पण तो किती फिरला व किती भाराखाली होता, हे विकणाराही सांगू शकत नाही. बाद केलेला आस म्हणूनच तोडून विकावा. त्याच्या पोलादाच्या पहारी लोहार करतात आणि त्या चांगल्या टिकतात.