चेंडू हातात, नजर समोर

1892 साली अमेरिकेत सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना बास्केटबॉल शिकवायला घेतला. मुलींना फार दमवू नये म्हणून सुरुवातीच्या नियमांत त्यांना चेंडू तीनदाच आपटायची मुभा होती. आज ते बंधन नाही. पण चेंडूवर ताबा नसेल तर तो लगेच हिसकावला जातो, आणि मग त्या मुलीकडे कोणी चेंडू देतच नाही.

हा ताबा सरावाने येतो. चेंडू तळव्याने थापटायचा नाही. बोटं फाकवून पेरांनी खाली ढकलायचा. गुडघे किंचित वाकवायचे, चेंडू कमरेच्या खालीच ठेवायचा. जितका वेळ उजवा हात, तितकाच वेळ डावा.

सगळ्यात अवघड काय, तर चेंडूकडे न बघणं. इथे आपण मदत करू शकतो, कधी खेळलो नसलो तरी. मुलीसमोर उभं राहून बोटं दाखवायची. तिने चेंडू आपटता आपटता आकडा सांगायचा. मान आपोआप वर राहते.

मातीच्या अंगणात चेंडू नीट उसळत नाही, शाळेचा सिमेंटचा कोबा बरा. मोठ्या मुलींना सहा नंबरचा चेंडू, लहानग्यांना पाच नंबरचा. रोज दहा मिनिटं पुरे, पण रोज!