साधा एसएमएस की आरसीएस? तुमच्या दुकानासाठी काय योग्य?

समजा, शिक्रापूरमध्ये तुमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकऱ्यांना मेसेज कसा पाठवाल?

एसएमएस कीपॅड फोनवरही, इंटरनेटशिवाय पोहोचतो. पण एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, मराठीची फक्त ७०. काना, मात्रा, वेलांटीही त्यात वेगळी मोजली जाते. मजकूर वाढला की पैसे दोन मेसेजचे! शिवाय व्यावसायिक एसएमएससाठी आधी डीएलटी नोंदणी लागते.

आरसीएसमध्ये फोटो, बटणं आणि दुकानाचं पडताळलेलं नाव दिसतं. मात्र स्मार्टफोन आणि इंटरनेट हवंच.

म्हणून ‘खत आलंय’ किंवा उधारीची तारीख एसएमएसने कळवा. नव्या वाणाचे फोटो आरसीएसने. आरसीएस पोहोचला नाही तर आपोआप एसएमएस जाईल, अशी सोय सेवा घेतानाच मागून घ्या.