लाल म्हणजे प्लसच? कॅमेरा आणि माइकच्या वायरी ओळखायच्या कशा

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. शिडीवर चढल्यावर मोबाईलवर पटकन बघता यावा, म्हणून थोडा आवरून लिहिलाय.

विषय आला एका व्हॉइस नोटवरून. खालापूर तालुक्यातल्या चौकजवळचा एक श्रोता कर्जत-नेरळ भागातल्या फार्महाऊसवर कॅमेरे बसवतो. तो म्हणतो, "दादा, जुन्या साइटवर वायरींचे रंगच कळत नाहीत. कॅमेरा उडाला की ठेकेदार माझ्या मजुरीतून पैसे कापतो. प्लस-मायनस नक्की ओळखायचं कसं?" प्रश्न रोजीचा आहे, त्यामुळे नीट बघू.

आधी एसी आणि डीसी

घरातली लाइट एसी. तिची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, म्हणून बल्बची पिन कशीही फिरवून लावा, तो पेटतो. डीसीत करंट एकाच दिशेने जातो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला विजेची पहिली लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. आज आपली कर्जत-खोपोली लोकल २५,००० व्होल्ट एसीवर चालते. आपला साधा सीसीटीव्ही कॅमेरा मात्र १२ व्होल्ट डीसीवरच चालतो.

कॅमेऱ्यातल्या चिप्सना उलटा करंट सहन होत नाही. काही कॅमेऱ्यांत संरक्षणाला डायोड असतो. तिथे उलटं जोडलं तर कॅमेरा फक्त चालू होत नाही, सरळ केलं की चालतो. पण डायोड आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून जोडून बघू, असं करायचं नाही.

रंगावर किती विश्वास ठेवायचा?

लाल प्लस, काळी मायनस ही पद्धत आहे, पण वायरीला ते माहीत नसतं! थ्री-प्लस-वन केबलमध्ये एक जाड कोएक्स असते आणि तीन बारीक वायरी. त्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात. त्यात आधीच्या माणसाने मधेच जोड देताना हाताला लागेल तो तुकडा वापरलेला असतो. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला पिवळी, असं सर्रास सापडतं.

माइकला बहुधा तीन वायरी असतात: लाल १२ व्होल्टची, काळी मायनस, आणि पांढरी किंवा पिवळी आवाजाची. काळी वायर पॉवर आणि आवाज, दोघांची सामाईक. इथे लाल आणि आवाजाची वायर अदलाबदल झाली, तर १२ व्होल्ट थेट डीव्हीआरच्या ऑडिओ इनपुटमध्ये जाऊ शकतात. म्हणजे छोट्या माइकपायी डीव्हीआरला धोका.

मीटरने ओळखा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

१. कॅमेरा आणि माइक काढून ठेवा. काळी प्रोब 'कॉम'मध्ये, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात, आणि चकती डीसी २० वर.

२. प्रोब दोन वायरींना लावा. १२ च्या आसपास आकडा आला, तर लाल प्रोब ज्या वायरीवर आहे ती प्लस. आकड्याआधी वजाबाकीचं चिन्ह आलं, तर उलट.

३. हे माप कॅमेऱ्याच्या टोकाला घ्या. सप्लायजवळ सगळं बरोबर असतं, घोळ मधल्या जोडात असतो.

४. गोल डीसी पिनमध्ये साधारणपणे आतलं प्लस, बाहेरचं मायनस. तरी अडॅप्टरवरचं गोलाचं चित्र बघा आणि मोजा.

वायरी एकाच रंगाच्या असतील तर? मेन स्विच बंद करा, दोन्ही टोकं मोकळी करा आणि मीटर बीपवर ठेवा. पलीकडे पहिली आणि दुसरी वायर एकत्र पिळा. अलीकडे ज्या दोन वायरींवर बीप वाजेल त्या याच दोन, उरलेली तिसरी. मग पलीकडे पहिली आणि तिसरी पिळा. दोन्ही वेळी बीप देणारी वायर ती पहिली. ओळख पटली की दोन्ही टोकांना टेप लावून खूण करा.

एक सांभाळा: एसएमपीएसच्या एल आणि एन स्क्रूवर २३० व्होल्ट असतात. तिथे हात लावण्याआधी मेन बंद.

मीटर नसेल तर

एक किलोओहमचा रेझिस्टर जोडलेला एलईडी खिशात ठेवा. १२ व्होल्टवर तो पेटला की लांब पाय प्लसवर आहे. अडॅप्टरच्या वायरीवरची पांढरी रेघ बऱ्याचदा प्लसची असते, पण नेहमीच नाही.

आपल्याकडचा पाऊस

कर्जत-खालापूरच्या पावसात उघडा जोड ओला राहतो आणि डीसीमुळे प्लसकडचं तांबं आधी झिजतं, हिरवं पडतं. जुना जोड उघडल्यावर एक वायर जास्त हिरवी दिसली, तर ती प्लस असण्याची शक्यता जास्त. हा अंदाज झाला, खात्री मीटरनेच करा. नवा जोड डब्यात घ्या आणि वायर डब्यात खालून वर न्या, म्हणजे पाणी आत ओघळणार नाही.

अजून एक. पोलॅरिटी बरोबर आहे, दिवसा चित्र येतं, पण रात्री कॅमेरा बंद-चालू होतो? तर केबलची लांबी बघा. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याची वायर ६० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे सुमारे ४ ओहम. रात्री आयआर लाइट लागून कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर घेतला की २ व्होल्ट वाटेतच जातात आणि कॅमेऱ्याला मिळतात फक्त १०. अशा वेळी जाड वायर घ्या किंवा सप्लाय कॅमेऱ्याजवळ आणा.

आणि माइक लावताना मालकाला सांगा की तिथे काम करणाऱ्यांना आवाज रेकॉर्ड होतोय हे कळू द्या, तशी पाटी लावा. चोर पकडायचाय, कुणाच्या घरच्या गप्पा नाही ऐकायच्या.

थोडक्यात: आधी मोजा, मग खूण करा, मग जोडा. यात दोन मिनिटं जातात, पण दिवसाची मजुरी वाचते. तुमच्या साइटवरचा अडलेला प्रश्न असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!