स्टेपनीचे मेजर

लष्करातून निवृत्त झालेला गृहस्थ निवडणुकीस उभा राहिला की आपल्याकडे एक भाबडी आशा पालवते. हा शिस्तीचा माणूस; चार हुकूम सोडील आणि नगरपालिकेचा कारभार सुतासारखा सरळ होईल! हुकमाने गटारे वाहती होत नाहीत हे पहिल्याच पावसात कळते, आणि मग त्याच माणसाला नालायक ठरवून आपण मोकळे होतो. अशा वेळी आम्हांस मेजर क्लेमंट अ‍ॅटली यांची आठवण होते. १९४७ सालचे ब्रिटिश पंतप्रधान म्हणून आपण त्यांना ओळखतो. (स्वातंत्र्य त्यांनी 'दिले' असे म्हणण्याची एक रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही.) परंतु त्यांच्या राजकारणाची धुळाक्षरे गिरविली गेली ती लंडनच्या पूर्वेकडील स्टेपनी या दरिद्री वस्तीत.

पहिल्या महायुद्धात अ‍ॅटली गॅलिपोलीत लढले. डिसेंबर १९१५ मध्ये सुवला उपसागरातून फौजा मागे घेतल्या गेल्या, तेव्हा किनारा सोडणाऱ्यांत शेवटून दुसरे तेच होते. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील हन्नाच्या खंदकांवर चालून जाताना ते जखमी झाले. ती चढाई कूत येथे वेढल्या गेलेल्या सैन्याच्या सुटकेसाठी होती. त्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणींचे जवान होते, हे बेळगावच्या आणि कोकणपट्टीच्या वाचकांस सांगितले पाहिजे. सुटका झाली नाही. २९ एप्रिल रोजी कूत पडले. अ‍ॅटलींचे थोरले बंधू टॉम यांनी मात्र युद्धात उतरण्यास नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला.

१९१९ मध्ये मजूर पक्षाने स्टेपनीची पालिका जिंकली आणि निवडून न आलेल्या अ‍ॅटलींना सभागृहात घेऊन महापौर केले. वय अवघे ३६. गोदीतील आयरिश आणि पूर्व युरोपातून आलेले ज्यू, या दोन्ही गटांना चालेल असा दुसरा माणूस नव्हता. हा विश्वास गणवेशाने मिळविलेला नव्हता. १९०५ पासून ते त्या वस्तीतील मुलांच्या क्लबात काम करीत होते आणि पुढे तेथेच राहत होते. मोडकळीस आलेल्या घरांच्या मालकांवर त्यांच्या पालिकेने दुरुस्तीच्या कायदेशीर नोटिसा बजावल्या आणि त्या अमलात आणविल्या. स्वच्छता निरीक्षक नेमले, घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका नेमल्या. बालमृत्यूंचे प्रमाण उतरले. युद्धावरून परतलेल्या बेकार शिपायांना काम मिळावे म्हणून खटपट झाली. १९२० मध्ये लंडनच्या महापौरांचे शिष्टमंडळ पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्याकडे बेकारीचे गाऱ्हाणे घेऊन गेले, त्यातही अ‍ॅटली होते. यात रणगर्जना कोठेच नाही. आहे ती नोटीस, तपासणी आणि पुन्हा तपासणी. आमच्या पंचायतींत माजी सैनिकाला स्वातंत्र्यदिनी शाल-श्रीफळ मिळते. पाणीपुरवठ्याच्या बैठकीस त्याला बोलावण्याची आठवण कितीजणांना होते?

१९२२ मध्ये याच भागातील लाइमहाउसमधून ते पार्लमेंटात गेले. १९२८ मध्ये सायमन कमिशनचे सदस्य म्हणून ते हिंदुस्थानात आले, तेव्हा देशाने कमिशनला काळी निशाणे दाखविली आणि ते योग्यच झाले. ज्या कमिशनात एकही हिंदी माणूस नव्हता त्याच्या स्वागताचे कारण नव्हते. स्टेपनीच्या लोकांना विचारल्याशिवाय स्टेपनीचा कारभार न करणारा हा माणूस त्या कमिशनवर बसला कसा, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

१९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची धूळधाण उडाली. मोठमोठे पुढारी पडले. अ‍ॅटली लाइमहाउसमध्ये केवळ ५५१ मतांनी तरले. पार्लमेंटात उरलेल्या मूठभर सभासदांत अनुभवी माणसे थोडीच होती. म्हणून ते उपनेते झाले, १९३५ मध्ये नेते झाले आणि दहा वर्षांनी पंतप्रधान. ती ५५१ मते ज्या गल्ल्यांतून आली, तेथे बारा वर्षांपूर्वी घरमालकांना नोटिसा गेल्या होत्या.