पाटीच्या पलीकडचा बर्फ

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एखाद्या कुटुंबाची हिमनदीशी पहिली भेट बहुधा मे महिन्याच्या युरोप सहलीत होते. टिटलिसच्या फिरत्या केबल कारमधून 3,020 मीटरवर उतरायचं, बर्फात खेळायचं, फोटो काढायचे आणि खाली वळून पाहायचं. एवढ्या उंचीवर आपण बसल्या बसल्या पोचलो, याचं फार काही वाटत नाही. कळसूबाई 1,646 मीटरची, म्हणजे हे ठिकाण तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. पण पायांना एकही पायरी चढावी लागलेली नसते. मग पांढऱ्या उतारावरून लीलया घसरत जाणारं कुणी व्हिडिओत दिसलं, की स्कीइंग म्हणजे तोल आणि थोडं धाडस, एवढंच मनात राहतं. आखलेल्या मार्गापुरतं ते बरंचसं खरंही आहे. मार्गाची पाटी ओलांडली, की मात्र हिशेब बदलतो. तिथे लागणारं कसब पायांपेक्षा निर्णयात जास्त असतं, कारण तिथला मुख्य धोका डोळ्यांना दिसत नाही. स्कीइंगबद्दलचे बहुतेक गैरसमज दिसतं त्यावर विश्वास ठेवल्यानेच तयार होतात.

पहिला गैरसमज असा, की आखलेल्या मार्गाबाहेरचा उतार म्हणजे त्याच मार्गाची जरा अवघड आवृत्ती. आखलेल्या मार्गाला पिस्ट म्हणतात. यंत्रं पिस्टवरचा बर्फ दाबून सपाट करतात, गस्तीपथक तो तपासतं, वरच्या उतारांवर साचलेला बर्फ गरज पडल्यास स्फोट करून आधीच पाडला जातो आणि हिमनदीवर पिस्ट असेल तर भेगांची व्यवस्था लावलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या पिस्टचा चढ साधारण 25 टक्क्यांपर्यंत, लालचा 40 टक्क्यांपर्यंत आणि त्याहून तीव्र ती काळी. हे 40 टक्के अंशांत मोजले तर जेमतेम 22 भरतात. उलट, पर्यटकांचे जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. म्हणजे काळ्या पिस्टच्या पुढची इयत्ता म्हणून जिथे जायचं, तिथे अभ्यासक्रमच वेगळा असतो. आणि पाटीपासून लांब गेल्यावरच तो सुरू होतो असंही नाही. मोटार शर्यतपटू मायकेल शूमाखर 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला जखमी झाला, ती जागा पिस्टच्या कडेपासून काही मीटरांवर होती. बर्फाखाली झाकलेला खडक त्याच्या स्कीला लागला. डोक्यावर हेल्मेट होतं आणि वेग हे अपघाताचं कारण नव्हतं, असं तपासात म्हटलं गेलं.

दुसरा गैरसमज चित्रपटांनी रुजवला आहे: मोठ्याने ओरडलं की कडा कोसळतो. माणसाच्या आवाजाचा दाब बर्फाचा थर हलवायला फारच अपुरा पडतो. माणसाचं वजन मात्र पुरतं. बर्फ थराथराने साचतो आणि त्यातला एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो. त्याच्यावर वाऱ्याने घट्ट बसवलेला थर आला, की रव्यावर फरशी ठेवावी तशी स्थिती होते. स्कीवाल्याच्या भाराने खालचा थर एका जागी मोडतो, मोड क्षणात दूरवर पसरते आणि वरची अख्खी फरशी सुटते. म्हणूनच जीवघेण्या पर्यटक-अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा स्खलन सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेलं असतं. ‘आधी चौघे गेले, त्यांच्या खुणा दिसतात, म्हणजे वाट सुरक्षित’ हा तर्क इथेच कोसळतो. वरचा थर पातळ आहे तिथे पाचव्याचा भार पडू शकतो, आणि चौघांच्या नशिबाने पाचव्याला काही मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, की त्यासाठीच तर इशारे असतात. असतात, पण तेही आपण शाळेतल्या गुणांसारखे वाचतो. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत. पाचपैकी तीन म्हणजे मधला, चालवून घेण्याजोगा, असं वाटतं. पण सर्वाधिक मृत्यू तिसऱ्याच पायरीच्या दिवशी होतात. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, प्रत्येकीबरोबर धोका झपाट्याने वाढतो. शिवाय चौथीला लोक घरी बसतात आणि तिसरीला बाहेर पडतात. आपल्याकडे इशारे देण्याचं काम संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था करते. मनालीची जुनी हिमस्खलन-अभ्यास संस्था ‘सासे’ 2020 मध्ये तिच्यात विलीन झाली. गुलमर्गची केबल कार अफरवाटवर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेते, आणि वरून उतरायच्या बहुतेक वाटा पिस्ट नाहीत. 1 फेब्रुवारी 2023 रोजी तिथल्या हापतखुद भागात दोन पोलिश स्कीपटू स्खलनात गेले. त्याआधी फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेचे 17 जवान प्रशिक्षण घेताना गाडले गेले. ज्यांचं शिक्षणच बर्फात चालतं, त्यांनाही बर्फ सूट देत नाही.

हिमनदीवर या सगळ्यात आणखी एक गोष्ट मिसळते. हिमनदी म्हणजे डोंगरावर गोठून बसलेला बर्फ, ही समजूत तिच्या नावानेच खोडली पाहिजे, ती वाहते. आल्प्समधली सर्वांत मोठी आलेच हिमनदी काही भागांत वर्षाला दीडशे मीटरांहून जास्त सरकते. उतार बदलतो तिथे बर्फ ताणला जाऊन फाटतो, आणि गिर्यारोहक ज्यांना क्रिव्हास म्हणतात त्या खोल भेगा पडतात. हिवाळ्याचा बर्फ त्यांवर पूल बांधतो, आणि वरून दिसतो तो एकसंध, गुळगुळीत उतार. शामोनीच्या एग्वी द्यु मिदीवरून, 3,842 मीटरवरून, सुरू होणारी व्हॅली ब्लांश ही सुमारे 20 किलोमीटरची उतरण जगप्रसिद्ध आहे. तिथे ना खुणांचे खांब, ना गस्त. तापमानवाढीमुळे जुन्या आठवणीही फसव्या होत आहेत. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. दहा वर्षांपूर्वी जिथून लोक बिनधास्त उतरले, तो उतार आज त्याच जागी असेलच असं नाही.

उपकरणं घेतली की झालं, हा सुशिक्षितांचा आवडता गैरसमज. गाडलेल्याचा ठाव सांगणारं संदेशयंत्र, टोचून शोधायची काठी आणि फावडं या तिन्ही वस्तू लागतातच. पण यंत्र माणसाला गाडलं जाण्यापासून वाचवत नाही, तो कुठे आहे एवढंच सांगतं. त्यापुढचा खेळ घड्याळाचा. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांवरून दिसतं, की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. त्यानंतर ही शक्यता घसरत जाते. इतक्या वेळात हेलिकॉप्टर क्वचितच पोचतं, म्हणून वाचवणारा जवळचा सोबतीच असावा लागतो, आणि त्याने खणण्याचा सराव केलेला असावा लागतो. डच राजपुत्र फ्रिसो फेब्रुवारी 2012 मध्ये ऑस्ट्रियातल्या लेखजवळ गाडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ संदेशयंत्र होतं. त्याला काढायला सुमारे 25 मिनिटं लागली. तो शुद्धीवर पूर्ण आलाच नाही आणि दीड वर्षाने वारला.

नाशिककरांचा एक आक्षेप रास्त आहे. हरिहरच्या पायऱ्या आणि अलंग-मदन-कुलंग करणाऱ्याला डोंगर शिकवायचा का? त्याचा दम, पायांची ताकद आणि थकव्याची ओळख उपयोगी पडतेच. पण सह्याद्रीचा धोका बहुतेकदा समोर दिसतो: निसटता घसारा, उघडा कडा, ओला कातळ. बर्फाशी खरं नातं सांगतो तो सांदण दरीचा अनुभव. तिथे डोक्यावर आकाश निरभ्र असताना वर कुठेतरी पाऊस पडलेला असू शकतो आणि पाणी अचानक येतं. म्हणून जाणकार आकाशाकडे पाहून नव्हे, तर वरची माहिती काढून पाऊल टाकतो. हिमनदीवर जायचं तर हीच सवय न्यायची.

मग तिथे जायचंच नाही का? जायचं, पण आधी पिस्टवर शिकून, पर्वतीय वाटाड्याचा अधिकृत परवाना असलेल्या मार्गदर्शकासोबत, आणि आपला प्रवास विमा पिस्टबाहेरच्या स्कीइंगला लागू आहे का हे वाचून, कित्येक पॉलिसी त्याला लागू नसतात. पैसे मोजले की मार्गदर्शक नेणारच, हा शेवटचा गैरसमज तेवढा विमानात चढण्याआधी घरी ठेवावा. एखाद्या सकाळी त्याने उताराकडे पाहून ‘आज नाही’ म्हटलं, तर पैसे वाया गेले नाहीत. त्याच दोन शब्दांसाठी ते दिले होते.