भिंतीच्या आतलं कलम

अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती आतून पोकळ असतात. उभे लाकडी दांडे आणि त्यांवर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. आपल्या विटांच्या भिंतीत ड्रिल मारून हवं ते टांगता येतं. तिथे नुसत्या बोर्डावर आधाराचा कठडा लावला आणि न्हाणीघरात पाय सरकला, तर कठडा स्क्रूसकट उपटून हातात येईल.

म्हणून तिथल्या कायद्याने थेट भिंतीच्या पोटात हात घातला. १३ मार्च १९९१ नंतर प्रथम राहायला खुल्या झालेल्या, चार किंवा अधिक घरांच्या इमारतींत न्हाणीघराच्या भिंती बांधतानाच आतून भक्कम कराव्या लागतात. लिफ्ट असेल तर सगळ्या घरांत, नसेल तर तळमजल्यावरच्या. कठडा लावायची सक्ती नाही. तो पुढे कधी लागला, तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी आत हवं, एवढंच! अजून न आलेल्या माणसाची इतकी काळजी मी क्वचितच कुठल्या कायद्यात पाहिली आहे.

ही तरतूद ज्यात आहे, तो गृहन्याय कायदा (फेअर हाउसिंग ॲक्ट) मुळात १९६८ चा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात सही झालेला. अपंगत्व त्यात यायला १९८८ उजाडलं. मात्र अपंगांच्या वकिलांच्या हाती आज जे मोठं हत्यार आहे, ते वर्णभेदाच्या खटल्यातून आलं. व्हर्जिनियातल्या एका कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रीला ‘घर रिकामं नाही’ सांगितलं, गोऱ्या माणसाला ‘आहे’. त्या स्त्रीला घर नकोच होतं. ती फक्त भेदभाव होतो का याची पारख करायला गेली होती. तरी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिला दावा लावता येईल, कारण खरी माहिती मिळणं हा तिचाही हक्क आहे. आज असे पारखी कर्णबधिरांच्या सोयीच्या फोनसेवेवरून घरमालकांना फोन करतात आणि कोण फोन आपटतं याची नोंद ठेवतात.

भिंती आधीच भक्कम नसलेल्या जुन्या इमारतीतही अपंग भाडेकरूला आवश्यक असेल, तर स्वखर्चाने कठडा बसवू द्यावाच लागतो. घर सोडताना मालक तो काढायला लावू शकतो. कठड्याच्या आधारासाठी भिंतीच्या आत बसवलेली लाकडी फळी मात्र काढायला लावता येत नाही. सरकारी नियमांत त्याचं कारण दिलं आहे: तिची कोणाला अडचण नाही, आणि पुढच्या एखाद्या भाडेकरूला ती लागू शकते.